वाल्डेमार हाफकिन : लस आणि विश्वास

नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला, उरणजवळच्या मोरा कोळीवाड्यात आमचे घर. 2021 साली करोनाची लस घ्यायला माझ्या आजीने साफ नकार दिला होता. रेडिओवरच्या सूचना, आम्हा नातवंडांचे पढीक विज्ञान, कशालाही ती बधली नाही. शेजारच्या आशाताई तिच्याजवळ तासभर बसल्या, आपण स्वतः लस घेतल्याचे सांगितले, तेव्हा कुठे आजी उठली. पुढे वाचनात आले की, याच मोऱ्यात 1897 साली प्लेगची लस टोचली गेली होती. ती शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांनाही लोकांच्या मनाचा हाच उंबरठा ओलांडावा लागला होता.

हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी, एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस सिद्ध केली आणि 1892 साली प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

1896 साली मुंबईत प्लेग शिरला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत हाफकिन यांनी काही महिन्यांतच लस तयार केली. 10 जानेवारी 1897 रोजी पहिली सुई त्यांनी आपल्याच अंगात खुपसली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी आपण होऊन पुढे आले.

बाहेर मात्र लोकांना प्लेगाइतकेच सरकारचे भय होते. घरांची झडती, रोग्यांना बळाने हलविणे यांनी माणसे चिडली होती. जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. अशा दिवसांत परक्याच्या सुईवर कोण विसंबणार? हाफकिन यांनी सक्तीचा मार्ग धरला नाही. खोजा समाजाचे विशीतले प्रमुख आगाखान यांनी त्यांना प्रयोगशाळेसाठी घर दिले आणि सर्वांदेखत स्वतः लस टोचून घेतली. त्यांच्यामागून हजारो खोजे आले. 1898 साली बडोद्याजवळच्या उंढेरा गावात 71 जणांना लस दिली, 64 जणांना दिली नाही. पहिल्यांतले 3 दगावले, दुसऱ्यांतले 26. पुढच्या वर्षी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्रयोगशाळा थाटली गेली.

पण विश्वास तुटायला एक बाटली पुरली. 1902 साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने गेले. सारा दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. त्यांना पद सोडावे लागले. बाटली गावातच दूषित झाली असावी, हे रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लावून धरले, तेव्हा 1907 साली ते दोषमुक्त झाले. 1925 साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. 26 ऑक्टोबर 1930 रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्हीही आरोग्य-पाहणीचे कागद भरतो. मीही भरले. त्यातून काय निघाले, हे सांगायला त्या घरांत मी पुन्हा गेलो नाही. हाफकिन यांचे चरित्र वाचताना हीच गोष्ट मनाला टोचत राहिली. या वर्षीचे कागद घेऊन मी परत जाणार आहे.