इंद्रलाल रॉय : ढगांतला लढवय्या

विमानातल्या लढाया तुम्ही मोबाइलच्या गेममध्ये बघता. तिथे एक डाव संपला की दुसरा सुरू होतो. पण पहिल्या महायुद्धात खरोखर आकाशात लढलेला एक भारतीय मुलगा होता. त्याचीच ही गोष्ट.

इंद्रलाल रॉय यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कोलकात्यात झाला. घरचे त्यांना लाडाने ‘लॅडी’ म्हणत. शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत झालं. डोक्यात मात्र विमानच! वैमानिक व्हायला अर्ज केला, तर दृष्टी अधू म्हणून नकार मिळाला. पठ्ठ्याने आपली मोटारसायकल विकली आणि त्या पैशांतून मोठ्या नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले. निकाल फिरला आणि १९१७ साली ते रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले.

तेव्हाची विमानं कशी होती? लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, एकावर एक असे दोन पंख आणि बसायची जागा उघडी. इंद्रलाल यांच्या एस.ई.५ए विमानावर दोन मशीनगन होत्या. एक वरच्या पंखावर, दुसरी नाकावर. पुढचा पंखा फिरत असताना त्याच्या पात्यांना धक्का न लागता मधल्या फटीतून गोळ्या सुटाव्यात, अशी तिची यंत्रणा होती. ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट मात्र दिलं जात नसे. विमान पेटलं की सुटका जवळजवळ नाहीच.

डिसेंबर १९१७ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचं विमान कोसळलं. मेले असं समजून त्यांना शवागारात ठेवलं आणि तिथे ते शुद्धीवर आले, असं सांगतात. बरे होत असताना ते विमानांची रेखाचित्रं काढत बसत. डॉक्टरांनी उड्डाणाला मनाई केली, तरी पिच्छा पुरवून त्यांनी परवानगी मिळवलीच. जून १९१८ मध्ये ते ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये आले. तिथे जॉर्ज मॅकेलरॉय या कसलेल्या आयरिश वैमानिकाने त्यांना तयार केलं.

मग ६ ते १९ जुलै या दोन आठवड्यांत दहा विजय इंद्रलाल यांच्या नावावर लागले. काही एकट्याचे, काही साथीदारांबरोबरचे. पण मुलांनो, त्या जर्मन विमानांतही कुणाची तरी मुलंच होती, हे विसरू नका.

२२ जुलै १९१८ रोजी कारव्हँ गावावर जर्मन फोकर विमानांशी लढताना इंद्रलाल पडले. वय अवघं १९! नऊ दिवसांनी मॅकेलरॉयही गेले. मुंबईचे वेलिणकर हे भारतीय वैमानिकही त्याच वर्षी याच युद्धात गेले. नोव्हेंबरात युद्ध थांबलं.

इंद्रलाल यांना मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय. १९९८ मध्ये आपल्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. फ्रान्समधल्या एस्तेव्हेल गावी त्यांची समाधी आहे. घरापासून हजारो मैलांवरच्या त्या दगडावर बंगाली अक्षरं कोरलेली आहेत.