एकदा पेरा, अनेकदा कापा: त्सित्सिन यांच्या गव्हाचे काय झाले?

गहू दरवर्षी पेरावाच का लागतो? निकोलाय त्सित्सिन यांनी हा प्रश्न आयुष्यभर सोडला नाही. 1898 मध्ये रशियातील सारातोव्हला जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने गव्हाचा संकर चिवट, बहुवार्षिक रानगवताशी केला. कापणीनंतर पुन्हा फुटणारा गहू मिळाला, तर दरवर्षीची नांगरट-पेरणी वाचणार होती. संकर जमलाही. गोम पुढेच होती. मुळे जगवायची तर दाण्याला कमी मिळते, आणि बरीच रोपे दोन-तीन वर्षांतच मरत. 1960 च्या दशकात सोव्हिएत प्रयोग थंडावले. मॉस्कोच्या मुख्य वनस्पती उद्यानाचे संचालक असलेले त्सित्सिन 1980 मध्ये गेले. 2018 मध्ये चीनने बहुवार्षिक भाताचे वाण शेतकऱ्यांना दिले. गव्हावर मात्र अजून काम सुरूच आहे.