जयंती विशेष : काठीला छिन्नी लावून इतिहास शोधणारे डी. डी. कोसंबी

गावाच्या शिवेवर, वस्तीपासून लांब, शेंदूर फासलेला एखादा दगड असतो. वर छप्पर नाही, भिंत नाही. देवीला छप्पर चालत नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. देवी गावात न राहता अशा आडरानात का, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. पुण्यातल्या एका गणिताच्या प्राध्यापकाला मात्र तो पडला, आणि उत्तर शोधायला तो डोंगर पायी तुडवत राहिला. त्यांचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. येत्या ३१ जुलैला त्यांची जयंती.

गोव्यातून अमेरिकेत

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. ज्ञानाच्या ओढीनं धर्मानंदांनी घर सोडलं आणि नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास केला. त्यातला बराचसा पायी. फिरून शिकायचं, हे मुलाला घरातूनच मिळालं.

१९१८ साली वडिलांबरोबर दामोदर अमेरिकेला गेले. तिथल्या हार्वर्ड विद्यापीठातून १९२९ साली ते अव्वल दर्जात पदवीधर झाले. परत आल्यावर बनारस, अलीगढ आणि मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज, असं त्यांनी गणित शिकवलं. १९४५ नंतर होमी भाभांच्या मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते रुजू झाले. राहायला मात्र पुण्यातच. दख्खनच्या राणीनं मुंबईला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम होता.

शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी त्यांची एक कामगिरी आहे. पिकाचे गुण ठरवणारी जनुकं एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे काढायचं सूत्र त्यांनी १९४४ साली मांडलं. नवीन वाण तयार करणारे शास्त्रज्ञ आजही ते कोसंबींच्या नावानंच वापरतात.

तराजूतून इतिहासात

इतिहासाकडं ते वळले ते जुन्या नाण्यांमुळं. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, म्हणजे जितकं जास्त फिरलं तितकं वजन कमी. हे गणित धरून त्यांनी प्राचीन चांदीची हजारो नाणी एकेक करून तोलली. नाण्यांचं वय लागलं, पण ती पाडली कुणी, त्या वेळी लोक जगत कसे होते, याचं उत्तर पोथ्यांत धड मिळेना. संस्कृत त्यांना चांगलं येत होतं, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांनी काढली. तरीही राजांच्या याद्या म्हणजे इतिहास, हे त्यांना पटलं नाही. लोक काय पिकवत, कशानं पिकवत आणि ते कुणाच्या घरात जात होतं, हे कळलं तर इतिहास कळला, असं त्यांचं मत. पोथीत हे नसेल तर रानात जाऊन बघायचं, असं त्यांनी ठरवलं.

गारगोटीची पाती

सुरुवात घराजवळच्या टेकडीपासून झाली. हातात जाड काठी, तिच्या टोकाला लोखंडी छिन्नी. जमिनीत रुतलेला दगड उचकटून बघायला ती सोयीची. बरोबर कॅमेरा. टेकडीच्या उतारावर त्यांना गारगोटीच्या बारीक पात्या सापडू लागल्या. काही तर नखाएवढ्या. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी त्या घडवल्या होत्या. लाकडात किंवा हाडात बसवून कापायला, सोलायला त्या वापरायच्या.

मग थेऊर, जुन्नर, कार्ले अशी पायपीट सुरू झाली. फिरता फिरता एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. या पात्या कुठंही सापडत नव्हत्या. त्या एका माळेत सापडत होत्या, आणि ती माळ बऱ्याच ठिकाणी मेंढरं हिंडवणाऱ्या धनगरांच्या वाटेशी जुळत होती. त्याच वाटांवर, जिथं दोन वाटा मिळतात तिथं, उघड्यावरची देवीची ठाणी होती. कुठं देवीच्या नावानं राखलेलं रानही होतं.

कोसंबींनी त्याचा अर्थ असा लावला. नांगर येण्याआधी माणसं टोळ्यांनी फिरत होती. वाटा मिळत तिथं टोळ्या भेटत, देवाणघेवाण होई, आणि तिथंच देवी पुजली जाई. पुढं नांगर आला, काळ्या जमिनीत गाव वसलं, पण देवी जुन्या जागेवरच राहिली. म्हणून ती गावापासून लांब. घाट उतरणारे व्यापारी मार्ग याच जुन्या वाटांवरून गेले आणि त्यांच्या कडेला बौद्ध लेणी कोरली गेली. कार्ल्याच्या लेण्याच्या तोंडाशी एकवीरेचं ठाणं आहे, जुन्नरच्या लेण्यांतही देवी आहेत. आळंदी-पंढरपूरची वारीची वाटसुद्धा अशाच प्राचीन वाटेवरून जात असावी, असा त्यांचा अंदाज होता.

म्हसोबाचंही तसंच. एका ठिकाणी देवी म्हसोबाला मारते, दुसऱ्या ठिकाणी त्याच्याशी लग्न करते. दोन वेगळ्या लोकांचे देव आधी भांडले आणि लोक एक झाल्यावर देवांचंही लग्न लागलं, असं कोसंबींनी मांडलं. पुरंदर तालुक्यातल्या वीरच्या म्हस्कोबाचा अभ्यास त्यांनी याच नजरेनं केला.

यातली माहिती त्यांना दिली ती गुराखी, धनगर आणि शेतकरी यांनी. जत्रेचा मान कुणाचा, निवद कशाचा, पालखी कुठं थांबते, या साध्या गोष्टी त्यांना शिलालेखाइतक्याच मोलाच्या वाटत.

किंमतही मोजली

गणितज्ञ म्हणत, हा दगड गोळा करत हिंडतो. इतिहासकार म्हणत, हा आपला विषय सोडून आमच्यात आला. ते स्वतः मार्क्सवादी, पण पक्षाच्या चौकटीतल्या मार्क्सवाद्यांवरही टीका करायला कचरले नाहीत. देशात अणुऊर्जेचा बोलबाला असताना सूर्याची ऊर्जा वापरा, असं ते १९५० च्या दशकात सांगत होते. गणितातला एक अवघड प्रश्न सोडवल्याचा त्यांचा दावा टिकला नाही, त्यानंही नाव खराब झालं. भाभांशी बिनसलं आणि १९६२ मध्ये संस्थेतली नोकरी गेली.

फिरणं आणि लिहिणं मात्र थांबलं नाही. भारतीय इतिहासावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक १९५६ साली आलं होतं. देवी, वाटा आणि लेण्यांवरचे लेख १९६२ मध्ये, तर प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं पुस्तक १९६५ मध्ये छापून आलं. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचं निधन झालं. वय अवघं ५८. जन्मशताब्दीच्या निमित्तानं २००८ साली टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं.

आज काय उरलंय

त्यांचे सगळे अंदाज पुढच्या अभ्यासात तसेच्या तसे टिकले नाहीत. पण शिवेवरचा दगड, गुरांची वाट आणि म्हाताऱ्याची आठवण हासुद्धा पुरावा असतो, हे त्यांनी दाखवून दिलं. पोथीत नाव नसलेल्या माणसांचा इतिहास असाच सापडतो.

आता जेसीबीनं एका दिवसात बांध सपाट होतो. रस्ता रुंद करताना ठाणं हलवलं जातं आणि जुना दगड भरावात जातो. नवीन देऊळ चांगलंच दिसतं, पण आधीची जागा कुठली होती, हे दहा वर्षांनी कुणाला सांगता येत नाही. कोसंबींना कॅमेरा मुद्दाम बरोबर न्यावा लागायचा. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे. दगड हलवायच्या आधी जागेवरच फोटो काढावा आणि त्या देवाची गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून रेकॉर्ड करून ठेवावी. तेवढं केलं तरी गावाचा पुरावा गावात राहील.