अमेरिकेतल्या या माणसाने बागेच्या नावाखाली बोस्टनचा पूर अडवायची सोय करून ठेवली होती

न्यूयॉर्क दाखवायचं म्हटलं की सिनेमावाले हमखास सेंट्रल पार्क दाखवतात. ती बाग आखणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड. दुसरा कॅल्व्हर्ट वॉक्स, पण बिचाऱ्याचं नाव कायम मागेच राहतं.

मात्र ऑल्मस्टेडचं डोकं खरं कुठे चाललं ते बघायचं असेल, तर बोस्टनला जायला लागतं.

जन्म १८२२ चा, कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डचा. वडील कापडाचे व्यापारी. कॉलेजच्या वयात डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण राहिलं. मग गडी खलाशी होऊन चीनला गेला, आजारी पडून परत आला. वडिलांच्या पैशावर न्यूयॉर्कजवळ शेती केली. शेती काही फार चालली नाही, पण जमिनीत पाणी कुठे मुरतं, कुठे साचतं आणि कसं काढून द्यायचं, हे तो तिथे शिकला.

पुढे पत्रकार म्हणून दक्षिणेतल्या राज्यांत फिरून त्याने गुलामगिरीवर लिहिलं. १८५७ मध्ये सेंट्रल पार्कच्या कामावर देखरेख करायची नोकरी मिळाली. यादवी युद्धात सैनिकांच्या छावण्यांची स्वच्छता बघणाऱ्या संस्थेचा कारभार सांभाळला. घाण पाण्याने माणसं कशी मरतात, हे त्याने जवळून पाहिलं.

आता बोस्टनला येऊ.

तिथली बॅक बे म्हणजे भरती-ओहोटीच्या पाण्याची दलदल. १८२१ मध्ये तिच्या तोंडाशी लांबलचक बांध घातला गेला. भरतीचं पाणी अडवायचं आणि त्याच्या जोरावर गिरण्या चालवायच्या, असा बेत होता. नंतर आतून रेल्वेचे भराव गेले. पाण्याचा खेळ बंद झाला, पण शहराची गटारं मात्र तिथेच सुटत राहिली. ओहोटीला चिखल उघडा पडला की वास सहन व्हायचा नाही. पुढे खाडीचा बराच भाग भरून त्यावर घरं उठली. उरलेल्या कोपऱ्यात स्टोनी ब्रुक आणि मडी रिव्हर हे दोन प्रवाह येऊन मिळत. जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली, की पाण्याला जायला जागाच नाही.

१८७८ मध्ये पालिकेने तिथे बाग करायची स्पर्धा ठेवली. पहिला नंबर आला एका फुलवाल्याचा. नकाशा देखणा होता, पण पाण्याचं काय करायचं याचं उत्तर त्यात नव्हतं. शेवटी काम आलं ऑल्मस्टेडकडे. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या राजकारणाने त्याला नोकरीवरून काढलं होतं.

त्याने शहराच्या इंजिनिअरांना सोबत घेतलं. सांडपाणी वेगळ्या मोठ्या गटारात वळवायचं ठरलं. तोंडाशी दार बसवून भरतीचं पाणी मोजकंच आत घ्यायचं. आणि पूर आला तर त्याला पसरू द्यायचं. दगडी भिंती बांधण्याऐवजी त्याने काठ उतरते ठेवले, पात्र वळणावळणाचं केलं आणि खाऱ्या पाण्यात तगणारं गवत लावलं. पाणी चढलं की गवत बुडणार, ओसरलं की पुन्हा वर येणार. या जागेला पार्क म्हणणंही त्याला पटत नव्हतं, म्हणून नाव ठेवलं फेन्स, म्हणजे दलदल.

मडी रिव्हरचं पात्रही त्याने असंच नव्याने घडवलं. पुढे या सगळ्या बागांच्या साखळीला लोक पाचूचा हार म्हणायला लागले.

गंमत म्हणजे काम इतकं बेमालूम होतं, की हे सगळं निसर्गानेच केलंय असं लोकांना वाटू लागलं. पाणी सांभाळणारं यंत्र कुणाला दिसेचना.

१८९५ नंतर ऑल्मस्टेडची स्मृती जात राहिली. अखेरची वर्षं मॅक्लीन या मनोरुग्णालयात गेली. त्या आवाराच्या निवडीसाठी कधीकाळी त्यानेच सल्ला दिला होता. १९०३ मध्ये तो गेला.

१९१० मध्ये चार्ल्स नदीवर धरण झालं आणि फेन्समध्ये खारं पाणी यायचं थांबलं. त्याने लावलेलं गवत मेलं, जागा उंच बोरूने घेतली. पुढे मडी रिव्हरचा एक तुकडा पाइपात घालून वर चक्क दुकानाचं पार्किंग केलं.

ऑक्टोबर १९९६ मध्ये धो धो पाऊस झाला. नदीला त्या पाइपातून वाट मिळाली नाही. पाणी थेट केनमोर या भुयारी स्टेशनात शिरलं.

त्यानंतर पुन्हा खोदकामाची चर्चा सुरू झाली. ती बरीच वर्षं चालली. अखेर लष्कराच्या इंजिनिअरांनी पाइपात कोंडलेली नदी उघडी केली, गाळ आणि बोरू काढला आणि काठ पुन्हा उतरते करून झाडं लावली. केनमोरपासून थोडं चाललं की ती नदी आता पुन्हा उजेडात वाहताना दिसते.