विश्लेषण : वारल्यांची वेठबिगारी मोडणारे शामराव परुळेकर कोण होते?

पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला विरार-बोळिंजच्या उंच इमारती आहेत, तर उत्तरेला डहाणू-तलासरीचे पाडे. ऐंशी वर्षांपूर्वी या उत्तर भागातील वारली कुटुंबे सावकार-जमीनदारांच्या वेठीला जुंपलेली होती. ती वेठ मोडणाऱ्या लढ्याचे नेतृत्व शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी केले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे गोदावरीबाईंचे नाव सर्वदूर पोहोचले. आमदार, खासदार झालेल्या आणि बंदिवासातच मृत्यू आलेल्या शामरावांविषयी मात्र कमी बोलले जाते.

राजकारणाची सुरुवात कशी झाली?

शामराव मुळात भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते रत्नागिरीतून मुंबई विधिमंडळावर निवडून आले. कोकणातील खोती रद्द व्हावी यासाठी १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत विधिमंडळावर शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, त्याच्या आयोजनात ते होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरोधात झालेल्या कामगारांच्या संपातही ते आंबेडकर आणि डांगे यांच्याबरोबर होते. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले. दुसऱ्या महायुद्धाला विरोध केल्याने १९४० मध्ये पती-पत्नी दोघांनाही तुरुंगात जावे लागले.

वारल्यांची स्थिती काय होती?

लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघेही सावकाराकडे राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज फिटत नसे आणि सुटकाही होत नसे. जमीनदाराची शेती कसणे, गवत कापणे, ठेकेदारासाठी जंगल तोडणे ही कामे फुकट किंवा नाममात्र मजुरीवर करून घेतली जात. नकार दिला तर मार ठरलेला. सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. बाळासाहेब खेर यांच्या पहिल्या मंत्रिमंडळाने सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडून आदिवासींच्या स्थितीची पाहणी करून घेतली होती. खेर स्वतः आदिवासी सेवा मंडळाच्या संस्थापकांपैकी होते. पण अहवाल कागदावर राहिला आणि वेठ सुरूच राहिली.

उठाव कसा झाला?

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले. तिथे मोजके वारली आले होते. त्यानंतर परुळेकर दाम्पत्याने उंबरगाव-डहाणू भागात काम सुरू केले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो आदिवासी जमले आणि यापुढे वेठ करायची नाही, असे ठरले. नवा कायदा झाला नव्हता. लोकांनी नकार द्यायचे ठरवले, एवढेच घडले होते. तरी त्यानंतर लग्नगड्यांची सुटका होऊ लागली.

पावसाळ्यानंतर मजुरीचा प्रश्न पुढे आला. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत, अशी मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले.

लोकनियुक्त सरकारने काय केले?

तलवाड्याच्या वेळी प्रांतात गव्हर्नरची राजवट होती. १९४६ मध्ये खेर यांचे सरकार पुन्हा आले. त्यामुळे चित्र बदलेल, अशी अपेक्षा होती. त्याच वर्षी जंगल व गवत मजुरांचा संप झाला आणि परुळेकर दाम्पत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यातील नानिवली येथे पुन्हा गोळीबार झाला. आदिवासींचे हित खेर यांनाही हवे होते, पण ते सेवा आणि समेटाच्या मार्गाने. शामरावांचा भर वारल्यांच्या स्वतःच्या संघटनेवर होता. खरा वाद या दोन मार्गांमधला होता. शामरावांनी त्याच वर्षी या उठावावर इंग्रजीत पुस्तिका लिहिली.

पुढे काय झाले?

संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, १९५७ मध्ये शामराव ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. ज्या जिल्ह्यातून त्यांना हद्दपार केले होते, त्याच जिल्ह्याने अकरा वर्षांनी त्यांना खासदार केले. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटल्यावर ते मार्क्सवादी पक्षात गेले. त्यानंतरच्या धरपकडीत त्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि ३ ऑगस्ट १९६५ रोजी मुंबईच्या ऑर्थर रोड तुरुंगात त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता.

त्यांच्या कामातून काय उरले?

गोदावरीबाई १९९६ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत आदिवासींमध्ये काम करत राहिल्या. १९७७ मध्ये डहाणू मतदारसंघातून लहानू कोम हे आदिवासी कार्यकर्ते लोकसभेवर निवडून गेले. ज्यांना सावकारासमोर मान वर करता येत नव्हती, त्यांच्यातलाच माणूस तीन दशकांत दिल्लीला पोहोचला. जमीन आणि जंगलाचे प्रश्न या भागात अजून संपलेले नाहीत, मात्र वेठ परत आली नाही.