अ‍ॅनच्या बाबांचं पुढे काय झालं?

अ‍ॅन फ्रँकची डायरी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल, निदान नाव तरी ऐकलं असेलच. पण डायरी थांबल्यावर तिच्या बाबांचं काय झालं, हा प्रश्न कधी पडलाय तुम्हाला?

ऑटो फ्रँक यांचा जन्म १८८९ चा, फ्रँकफर्टचा. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात अधिकारी होते. तरीही ज्यू म्हणून १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. बायको-मुलींसह ते अ‍ॅमस्टरडॅमला स्थायिक झाले. नाझी तिथेही आले. दोन वर्षं लपून काढली आणि शेवटी पकडले गेले. लपलेल्या आठ जणांपैकी ऑशविट्झमधून आणि इतर छावण्यांतून जिवंत परतले ते एकटे ऑटो.

परतीच्या वाटेवरच पत्नी एडिथ गेल्याचं त्यांना कळलं. मुलींचा शोध मात्र सुरूच होता. जुलै १९४५ मध्ये तीही आशा संपली. वय ५६, आणि बायको-मुलींपैकी कुणीच उरलं नव्हतं.

लपलेल्या काळात मदत करणाऱ्या मीप खीस यांनी तेव्हा जपून ठेवलेली डायरी त्यांच्या हातात दिली. सलग वाचणं त्यांना जमेना. थोडी पानं वाचायची, थांबायचं. आपली मुलगी आत इतका विचार करत होती, हे आपल्याला माहीतच नव्हतं, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने कबूल केलं.

१९४७ मध्ये डायरी छापली गेली. १९५२ मध्ये ते स्वित्झर्लंडला गेले. तिसरा देश! पुढच्याच वर्षी त्यांनी फ्रित्झी यांच्याशी लग्न केलं. त्याही ऑशविट्झमधून वाचलेल्या, नवरा आणि मुलगा गमावलेल्या. समजावून सांगावं लागणार नाही असं माणूस दोघांनाही मिळालं. फ्रित्झींची मुलगी मनात जगाबद्दल द्वेष घेऊन परतली होती. द्वेषाने आपलंच नुकसान होतं, हे ऑटो तिला समजावत राहिले.

जगभरातून तुमच्याच वयाची मुलं त्यांना पत्रं लिहायची. हजारो पत्रं! ऑटो आणि फ्रित्झी मिळून उत्तरं द्यायचे. १९८० मध्ये, ९१ व्या वर्षी ते गेले.

म्हणजे ते दुःख विसरले का? अजिबात नाही. लपण्याच्या जागेचं १९६० मध्ये संग्रहालय झालं. अटकेनंतर नाझींनी तिथलं सामान नेलं होतं. ऑटोंनी सांगितलं, खोल्या रिकाम्याच राहू द्या. कधी अ‍ॅमस्टरडॅमला गेलात तर बघा, त्या आजही तशाच आहेत.