कार्ल पॉल लिंक

कार्ल पॉल लिंक (जन्म : ला पोर्ट, इंडियाना, ३१ जानेवारी १९०१, मृत्यू : २१ नोव्हेंबर १९७८) हे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ होते. डायकुमरॉल आणि वॉरफॅरिन ही रक्त गोठण्याची क्रिया मंदावणारी द्रव्ये त्यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाली. सामान्य बोलीत या औषधांना रक्त पातळ करणारी औषधे म्हणतात. प्रत्यक्षात त्यांमुळे रक्त पातळ होत नाही. ते गोठण्यास अधिक वेळ लागतो. या औषधांमुळे होणारा रक्तस्राव के जीवनसत्त्वाने आवरता येतो, या मताचा लिंक यांनी आग्रहाने पुरस्कार केला. आजच्या तातडीच्या उपचारांचा तो एक आधार आहे.

बालपण व शिक्षण

लिंक यांचे वडील ल्युथरन पंथाचे धर्मोपदेशक होते. घरात भावंडे बरीच होती. लिंक यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात कृषी रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन १९२५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे शिष्यवृत्तीवर ते युरोपात गेले. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे त्यांनी शर्करांच्या रसायनशास्त्राचा अभ्यास केला, ऑस्ट्रियातील ग्राझ येथे फ्रिट्झ प्रेगल यांच्याकडे सूक्ष्म रासायनिक पृथक्करणाचे तंत्र आत्मसात केले आणि झुरिच येथे पॉल कारर यांच्या प्रयोगशाळेत काम केले. याच काळात त्यांना क्षयाची बाधा झाली व या रोगाने पुढेही त्यांची पाठ सोडली नाही. १९२७ मध्ये ते विस्कॉन्सिनला अध्यापक म्हणून परतले आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले.

गुरांचा रोग आणि डायकुमरॉल

१९२० च्या दशकात कॅनडा व उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात गुरांमध्ये एक विचित्र रोग पसरला. शिंगे कापणे किंवा खच्चीकरण यांसारख्या किरकोळ शस्त्रक्रियेनंतर जनावरांचे रक्त थांबत नसे व ती दगावत. काही जनावरे जखमेवाचूनच अंतर्गत रक्तस्रावाने मरत. स्वीट क्लोव्हर या लसूणघासासारख्या शिंबावर्गीय चाऱ्याला ओलाव्याने बुरशी लागली की तो खाल्ल्याने हा रोग होतो, असे पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी दाखवले. ली रॉडरिक यांनी अशा जनावरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन कमी पडते, हे सिद्ध केले. मात्र चाऱ्यातील घातक द्रव्य कोणते, याचा उलगडा झाला नव्हता.

फेब्रुवारी १९३३ मध्ये डिअर पार्क येथील एड कार्लसन हा शेतकरी हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर प्रवास करून मॅडिसनला आला. त्याच्याबरोबर एक मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि खराब चाऱ्याचा भारा होता. शासकीय पशुवैद्यांचे कार्यालय बंद असल्याने तो लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. चारा बदलणे आणि आजारी जनावरांना निरोगी जनावराचे रक्त देणे, याखेरीज लिंक यांच्याजवळ त्या दिवशी सांगण्यासारखे काही नव्हते. या प्रसंगानंतर त्यांच्या प्रयोगशाळेने या प्रश्नाला वाहून घेतले. १९३९ मध्ये त्यांचे सहकारी हॅरॉल्ड कॅम्पबेल यांना त्या द्रव्याचे शुद्ध स्फटिक मिळाले. १९४० मध्ये त्याची रचना निश्चित होऊन ते कृत्रिम रीतीनेही तयार करण्यात आले. हेच डायकुमरॉल होय. लवकरच ते रक्तवाहिन्यांत गुठळ्या होणाऱ्या रुग्णांना दिले जाऊ लागले.

उताऱ्याचा वाद

औषधाची मात्रा जास्त झाली तर रुग्णाला तोच धोका संभवतो, जो गुरांना होता. के जीवनसत्त्व हा डायकुमरॉलचा उतारा आहे, असे लिंक यांच्या गटाचे प्रयोग सांगत होते. काही नामांकित चिकित्सकांना मात्र रुग्णांवर तसा अनुभव येत नव्हता. पुरेशा मात्रेत दिलेले नैसर्गिक स्वरूपाचे के-१ जीवनसत्त्व खात्रीने गुण देते, हे पुढे स्पष्ट झाले आणि लिंक यांचे मत मान्य झाले.

वॉरफॅरिन

१९४५ मध्ये क्षय उलटल्याने लिंक यांना काही महिने आरोग्यधामात काढावे लागले. तेथे त्यांनी उंदीर-नियंत्रणाविषयीचे साहित्य वाचले व डायकुमरॉलच्या वर्गातील अधिक प्रभावी संयुग उंदरांवर वापरण्याची कल्पना त्यांना सुचली. प्रयोगशाळेच्या यादीतील ४२ क्रमांकाचे संयुग त्यासाठी निवडण्यात आले. संशोधनाला आर्थिक साहाय्य देणाऱ्या विस्कॉन्सिन अॅल्युम्नाय रिसर्च फाउंडेशनच्या आद्याक्षरांवरून त्याला वॉरफॅरिन हे नाव मिळाले. १९४८ मध्ये ते उंदीरनाशक म्हणून बाजारात आले.

१९५१ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने आत्महत्येच्या हेतूने हे विष अनेक वेळा घेतले. के जीवनसत्त्व व रक्तसंक्रमण यांमुळे तो पूर्ण बरा झाला. योग्य उतारा हाताशी असेल तर हे द्रव्य माणसाला देता येईल, असा विश्वास या घटनेने दिला. १९५४ पासून वॉरफॅरिन औषध म्हणून वापरात आले. १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते देण्यात आले.

तातडीच्या उपचारांशी संबंध

यकृतात रक्त गोठवणारे २, ७, ९ व १० क्रमांकाचे घटक तयार होण्यासाठी के जीवनसत्त्व लागते. वॉरफॅरिन या जीवनसत्त्वाच्या पुनर्वापरात अडथळा आणते. हा अडथळा नेमका कोठे येतो, हे विस्कॉन्सिन विद्यापीठातच जॉन सटी व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये, म्हणजे लिंक यांच्या निधनाच्या वर्षी, दाखवले.

गंभीर रक्तस्रावात औषध थांबवून शिरेतून के जीवनसत्त्व देतात. यकृताला नवे घटक तयार करण्यास काही तास लागत असल्याने तेवढ्यावर भागत नाही. म्हणून हे चार घटक असलेले संहत द्रव्य शिरेतून देतात. त्याचा परिणाम काही मिनिटांत दिसतो. ते उपलब्ध नसेल तर गोठवून साठवलेला रक्तद्रव वितळवून देतात. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाने सलग दाब देणे, हा घरच्या घरी करण्याचा पहिला उपाय आहे. डोक्याला मार लागल्यास बाहेर रक्त दिसत नसले, तरी अशा रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे लागते.

महाराष्ट्रातील संदर्भ

संधिवाती ज्वराने हृदयाच्या झडपा निकामी होण्याचे प्रमाण भारतात मोठे आहे. धातूची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णाला वॉरफॅरिन किंवा त्याच वर्गातील औषध जन्मभर घ्यावे लागते. नव्या पिढीतील गोळ्या अशा झडपांसाठी सुरक्षित ठरलेल्या नाहीत. औषधाची मात्रा ठरवण्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी ठरावीक काळाने करावी लागते. सातारा, सांगली किंवा कोल्हापूरकडून एस.टी.ने पुण्यातील स्वारगेटला उतरून मोठ्या रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने दोन तपासण्यांमधील काळ जोखमीचा असतो. वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, तर मेथी-पालकासारख्या पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी बदलले तर औषधाचा परिणाम बदलतो. औषधाचे नाव व मात्रा लिहिलेली चिठ्ठी जवळ असल्यास अपघातप्रसंगी योग्य उतारा विनाविलंब देता येतो.

सन्मान व उत्तरायुष्य

लिंक यांना १९५५ व १९६० असे दोनदा लास्कर पुरस्कार मिळाले. वेशभूषेतील विक्षिप्तपणा आणि स्पष्टवक्तेपणा यांबद्दल ते विद्यापीठात प्रसिद्ध होते. विस्कॉन्सिनचेच सिनेटर मॅकार्थी यांच्या प्रभावाच्या काळात त्यांनी विद्यार्थ्यांच्या विचारस्वातंत्र्याची उघड बाजू घेतली. १९७१ मध्ये ते निवृत्त झाले.